साहेबांनी तपासलेला अर्ज

आमच्या चाळीत एक पद्धत होती. इंग्रजीत लिहिलेला कोणताही कागद पोस्टात टाकण्याआधी साहेबांना दाखवायचा. साहेब म्हणजे ज्याच्या त्याच्या कंपनीतले. नोकरीचा अर्ज असो, विम्याचं पत्र असो, रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून अंबरनाथ पूर्वेला त्यांच्या घरी जायचं. ते चष्मा लावून लाल पेनाने दुरुस्त्या करायचे. त्यात कुणाला कमीपणा वाटायचा नाही. उलट लाल खुणांचा कागद लोक चार घरी दाखवायचे.

मी तेव्हा उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, रसायनशास्त्र घेऊन. पदवीच्या मुलांना सुट्टीत संशोधन करण्यासाठी एक शिष्यवृत्ती निघाली होती. निवड झाली तर दोन महिने पुण्याच्या प्रयोगशाळेत काम आणि पुढे एम.एस्सी.चा खर्चही त्यातूनच. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मिळाली तर शीक पुढे. नाही मिळाली तर पदवी घे आणि नोकरीला लाग. तुझ्यामागे दोघं आहेत." रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. दोघं होतेच.

संशोधनाचा विषय आपणच सुचवायचा होता. मला लांब जावं लागलं नाही. बाबा रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. कारखान्यामागच्या नाल्याला एक दिवस जांभळं पाणी, दुसऱ्या दिवशी पिवळं. नाल्याकाठच्या बायका रंग बघून ठरवायच्या, आज धुणं काढायचं की नाही. त्या पाण्यात काय काय आहे आणि कोळशाच्या भुकटीतून गाळलं तर त्यातलं किती निघतं, हा माझा विषय. बाटल्या बाबांनीच भरून आणल्या, पाळी सुटल्यावर, महिनाभर. भंगारवाल्याकडून घेतलेल्या सरबताच्या बाटल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून त्यांनी तारीख आणि पाळी लिहिली होती. आमचे सर सहसा कुणाला चांगलं म्हणत नसत. अर्ज वाचून म्हणाले, "दुसऱ्या वर्षाच्या मुलीने लिहिलाय असं वाटत नाही."

राहिला होता फक्त बाबांच्या पगाराचा दाखला. त्यावर कारखान्यातल्या साहेबांची सही लागायची. बाबा म्हणाले, "एका फेरीत दोन्ही कामं होतील. इंग्रजीही तपासतील." मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मीही वेणी घालून त्यांच्याबरोबर निघाले.

साहेबांनी चहा दिला. पहिल्या पानावर दोन-तीन किरकोळ चुका काढल्या. दुसऱ्या पानावर पेन थांबलं.

"हा नाला कुठला म्हणायचा?"

"आपलाच की साहेब, मागचा." बाबा खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकले. "बाटल्या मीच भरल्या. तिन्ही पाळ्यांच्या. रात्रपाळीला रंग जास्त दाट सुटतो बघा."

बाबांना खरोखर वाटत होतं, कंपनीचं नाव टाइप होऊन पुण्याला जाणार म्हटल्यावर साहेब खूश होतील.

साहेबांनी आवाज चढवला नाही. "मुलगी हुशार आहे तुमची. पण इतका घाण नाला कशाला? बदलापूरला नदी आहे, किती छान पाणी आहे. तिकडचं घ्या." मग माझ्याकडे बघून, "काय बाळ? पाणी ते पाणीच ना?"

"आणि दाखला, साहेब?" बाबांनी विचारलं.

"अर्ज पुन्हा टाइप करून आणा. बघतो, मग देतो."

त्यांनी नाला खोडला आणि वर बदलापूर लिहिलं. अक्षर सुरेख होतं.

आम्ही घरी आलो. दारात चपला काढताना बाबा म्हणाले, "रात्रपाळीचं बोलायला नको होतं मी." आणि थोड्या वेळाने, "बदलापुरात कुळगावला तुझी मावशी आहेच."

मावशीला वाटलं मी राहायला आले. "पाणी न्यायला आलीस होय? तुमच्याकडे नळ बंद झाला का गं?" तिच्याकडे जेवले आणि नदीवरून बाटल्या भरून आणल्या. कॉलेजात तपासलं. निळा लिटमस निळाच राहिला, लाल लालच. कोळशातून गाळलं. आधी जसं होतं तसंच खाली आलं.

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या सिंधी टायपिस्टने नवे कागद बघितले. "फिर से वोही? नाला गया, नदी आई? तरक्की है, बेटी!"

सरांनी वाचून विचारलं, "बाई, हे पाणी तपासायचं की प्यायचं?"

मी कारण सांगितलं. जुनाच अर्ज पाठवते, असंही म्हटलं.

"दाखल्याशिवाय?" त्यांनी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. अपुरा अर्ज विचारात घेतला जाणार नाही, असं छापलेलं होतं. "जुना छाननीतच बाद होईल, नवा वाचल्यावर बाद होईल. कुठला पाठवतेस?"

नवा पाठवला. जुना पाठवून बाबांना रोज त्याच गेटातून आत जायला लावण्यात मला अर्थ दिसला नाही. साहेबांनी दाखल्यावर लगेच सही केली, वर शुभेच्छाही दिल्या.

परीक्षा संपता संपता छापील पत्र आलं. विषयात संशोधनाला वाव दिसत नाही, एवढंच कळवलं होतं. बरोबरच होतं. परीक्षक मी असते तरी हेच लिहिलं असतं. बाबांनी पत्र दोनदा उलटसुलट बघितलं आणि कपाटावर ठेवलं. इंग्रजी असूनही साहेबांकडे नेलं नाही.

पदवी झाल्यावर साहेबांनीच शब्द टाकला आणि मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. आईने चाळीत पेढे वाटले. पहिल्याच आठवड्यात तिथल्या मोठ्या केमिस्टने माझ्या हातात रिकामी बाटली दिली. मागच्या नाल्याच्या पाण्याचा नमुना सरकारी तपासणीला जायचा होता. मी मागच्या दाराकडे वळले.

"तिकडे कुठे?" ते म्हणाले. "कँटीनच्या नळाला भर."

मी भरली. चिकटपट्टी लावली, तारीख आणि पाळी लिहिली.