तीन टी-शर्ट आणि एक खोटं गिऱ्हाईक

मोबाइलचं ते दुकान एकाच मालकाचं आहे, पण आत तीन टेबलं आहेत: लाल, निळं आणि हिरवं. एकेका टेबलावर एकेका कंपनीचे फोन वायरीने बांधून ठेवलेले, आणि टेबलामागे त्याच रंगाचा टी-शर्ट घातलेलं एक माणूस. दुकान शेठचं, पगार कंपनीचा. दारातून गिऱ्हाईक आत आलं की तीन चेहरे एकदम हसतात. ते कुणाकडे बघून परत हसतं, यावर पुढचा अर्धा तास ठरतो.

निळ्या टेबलामागच्या बाईंना सगळे ताई म्हणतात. वय सेहेचाळीस. अकरा वर्षं त्या याच दुकानात आहेत, फक्त टेबल बदलत गेलं. पहिली पाच वर्षं लाल, मग चार वर्षं हिरवं, आणि गेली दोन वर्षं निळं. कंपनीने माणसं कमी केली की शेजारच्या कंपनीला अनुभवी माणूस हवं असतं, आणि ताई तिथे उभ्याच असतात. त्यामुळे जुनी गिऱ्हाइकं अधूनमधून येऊन त्यांना पेचात पकडतात.

"ताई, तुम्हीच मला सांगितलं होतंत, निळ्या कंपनीचा फोन तापतो म्हणून."

"तेव्हा तापत होता."

"मग कधीपासून तापायचा थांबला?"

"मी इकडे आले तेव्हापासून," ताई म्हणतात, आणि त्यांच्या हातात निळा फोन देतात.

घरी सासूबाईंचं यावर स्वतंत्र मत आहे. "घरात कामाला जाणारी सून एकच," त्या म्हणतात, "पण दोरीवरचे कपडे बघून शेजारीण विचारते, तुमच्याकडे किती जणी राहतात?"

सासूबाईंची उजवी बाजू गेल्या वर्षी लुळी पडली. जीभ मात्र शाबूत राहिली. ताईंचे यजमान ट्रक चालवतात आणि आठवड्यातले चार दिवस घराबाहेर असतात. त्यामुळे साडेबारा वाजले की ताई दुकानातून निघतात, सात मिनिटांत घरी पोचतात, सासूबाईंना जेवू घालतात, कूस बदलून देतात आणि सव्वाच्या आत परत टेबलामागे उभ्या राहतात. तेवढा वेळ निळ्या टेबलावर हिरवा लक्ष ठेवतो. हिरवा म्हणजे हिरव्या टी-शर्टातला प्रमोटर. पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, कॅमेऱ्याविषयी बोलायला लागला की न थांबणारा. ताई नसताना कुणी निळ्या टेबलाशी आलं तर तो त्यांना फक्त पाणी देतो, फोन दाखवत नाही. निदान तसं सांगतो.

ही सात मिनिटांची सोय गेल्या महिन्यात धोक्यात आली.

फोनच्या कंपन्या आपल्या प्रमोटरवर नजर ठेवायला खोटी गिऱ्हाइकं पाठवतात. दुकानातल्या भाषेत त्याला पाहुणा म्हणतात. पाहुणा साध्या कपड्यांत येतो, फोन बघतो, प्रश्न विचारतो, काही न घेता जातो आणि बाहेर जाऊन फॉर्म भरतो. खिशातला त्याचा फोन सगळं बोलणं टिपत असतो. कंपनीने नेमून दिलेली तीन वाक्यं प्रमोटरने क्रमाने आणि न तोडता म्हटली का, आणि दुसऱ्या कंपनीचं कौतुक तर केलं नाही ना, एवढंच त्याला बघायचं असतं.

गेल्या महिन्यात एक तरुण बाई आल्या आणि वडिलांसाठी फोन हवा म्हणाल्या. वडिलांना ऐकू कमी येतं, हेही सांगितलं. ताईंनी विचार न करता लाल टेबलाकडे बोट केलं. "त्याचा आवाज मोठा आहे. आमच्यात रिंग वाजली तर वडील म्हणतील, डास आलाय." त्या बाई पाहुण्या निघाल्या. नापास. कंपनीच्या एरिया साहेबांचा फोन आला, आणि ते ओरडले नाहीत याचीच ताईंना जास्त भीती वाटली. "पुढच्या वेळी असं झालं तर तुम्हाला मॉलच्या काउंटरला हलवू," ते शांतपणे म्हणाले. मॉल शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून दीड तास. तिथून दुपारी घरी येऊन कुणाला जेवू घालणं म्हणजे आदल्या दिवशी निघण्यातलाच प्रकार.

तेव्हापासून ताई प्रत्येक गिऱ्हाइकात पाहुणा शोधू लागल्या. हिरव्याने आणि त्यांनी मिळून पाहुणा ओळखायच्या खुणाही काढल्या. खरं गिऱ्हाईक आधी किमतीचं कार्ड बघतं, पाहुणा आधी पोस्टर बघतो. खरं गिऱ्हाईक कधी एकटं येत नाही. सोबत एक मेव्हणा असतो आणि त्याला सगळं माहीत असतं. खरं गिऱ्हाईक विचारतं, "कव्हर फुकट ना?" पाहुणा विचारतो, "या फोनची वैशिष्ट्यं काय आहेत?" वैशिष्ट्यं हा शब्द आजवर कुठल्याही खऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडून निघालेला नाही, यावर दोघांचं एकमत होतं.

एका पाहुण्याला तर ते चेहऱ्यानेच ओळखत. डाव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण, खांद्याला तपकिरी बॅग. चार महिन्यांपूर्वी तो निळ्या टेबलाशी येऊन वैशिष्ट्यं विचारून गेला. पंधरा दिवसांनी चष्मा लावून हिरव्या टेबलाशी आला आणि तेच विचारून गेला. निळी आणि हिरवी, दोन्ही कंपन्या एकाच एजन्सीकडून पाहुणे घेत होत्या, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. लाल टी-शर्टवाल्याला तेवढं वाईट वाटलं की आपल्याकडे तो अजून आला नाही.

तोच माणूस एका मंगळवारी सकाळी अकराला आला. सोबत बायको.

"आला," हिरवा ओठ न हलवता म्हणाला.

"दिसला," ताई म्हणाल्या.

"आता कुटुंबासकट पाठवायला लागले."

दोघं थेट निळ्या टेबलाशी आले. ताईंनी पाठ ताठ केली, हात जोडले आणि नेमून दिलेलं हसू चेहऱ्यावर आणलं.

"हिच्यासाठी फोन बघायचाय," माणूस म्हणाला. "हिच्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही."

बायकोने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, मग उलटे केले. बोटांची टोकं गुळगुळीत झालेली, मधेमधे कडक, सुईच्या बारीक खुणांनी भरलेली. "बावीस वर्षं शर्टाच्या कॉलर शिवतेय," ती म्हणाली. "बोटांना कापडाची सवय, काचेची नाही. अंगठा ठेवला तरी उघडत नाही. माझाच फोन मला ओळखत नाही बघा. कुणाचा कॉल आला की बोटाच्या पेराने ठोकते. परवा तर नाकाने उचलला."

"आणि गालाने बंद केला," माणूस म्हणाला. "मीच केला होता कॉल."

"महत्त्वाचं काही नव्हतं बोलायचं तुम्हाला."

ताईंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. निळा फोन पुढे केला. "यांचा नंबर टाकून बघा."

बायकोने दहा आकडे दाबले. स्क्रीनवर चार उमटले.

इथे ताईंना नेमकं काय करायचं ते माहीत होतं. हिरव्या कंपनीच्या फोनमध्ये आत खोलवर एक सेटिंग आहे. थंडीत हातमोजे घालून फोन वापरणाऱ्यांसाठी केलेलं. ते चालू केलं की स्क्रीन जरा जास्त जागी राहते आणि कसलंही बोट ओळखते. गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या बायका, शिंपी, अशा कितीतरी जणांना ताईंनी हिरव्या टी-शर्टात असताना ते लावून दिलं होतं. निळ्या फोनमध्ये ते नाही. हिरव्याला स्वतःला ते माहीत नाही, कारण ते कॅमेऱ्यात नाही.

पण समोर उभा होता पाहुणा. त्याच्या खिशात फोन होता. हिरव्याचं नाव तोंडातून निघालं की मॉल.

माणसाने ताईंचा चेहरा वाचला असावा. तो टेबलावर वाकला. "ताई, तुम्ही मला ओळखता, मला ठाऊक आहे. मी एरवी खोटा येतो. आज खरा आलोय."

"म्हणजे? मला नाही समजलं," ताई म्हणाल्या.

"अहो, माझी बायको आहे ही. खरी."

"यात काय खोटं असणार?" बायको म्हणाली. "सतरा वर्षं झाली."

"मला खरं सांगा, हिला कुठला चालेल? मी रोज सहा दुकानं हिंडतो. सगळीकडे मला तीन वाक्यं ऐकवतात. खरं कुणी सांगत नाही."

ताईंनी मनात तोलून बघितलं. हा माणूस खरं बोलत असेल, तर ते त्याच्याच धंद्याचं फळ होतं. आणि ही नवी युक्ती असेल, तर फार चांगली होती. पाहुण्याने पाहुणा असल्याचं कबूल करून विश्वास मिळवायचा आणि मग नापास करायचं. कंपनीतल्या कुणाला तरी असं सुचू शकतं. पण त्या बोटांकडे बघून ताईंना एक कळत होतं. एजन्सीने माणूस भाड्याने आणला असता, बॅग आणली असती, चष्माही आणला असता. बावीस वर्षांच्या कॉलरी आणता आल्या नसत्या.

त्यांनी घसा साफ केला.

"आमच्या फोनची स्क्रीन भर उन्हातही लख्ख दिसते," ताईंनी पाठ केलेल्या सुरात सुरुवात केली. आणि डावा हात लांब करून शेजारच्या हिरव्या टेबलावरचा फोन उचलला.

माणूस बघत राहिला.

"आमचा कॅमेरा तुमचा प्रत्येक क्षण जपून ठेवतो," ताई म्हणाल्या. अंगठ्याने त्या हिरव्या फोनच्या सेटिंगमध्ये शिरल्या. एक पान, दुसरं पान, खाली, आणखी खाली, चालू. मग तो फोन बायकोपुढे ओढला. वायर संपली होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

चोरीचा भोंगा वाजला. असा की बाहेरच्या रस्त्यावरची माणसं थांबली. शेठ गल्ल्यावरून उठून उभे राहिले. "काय चाललंय काय?" लाल टी-शर्टवाल्याने हातातल्या गिऱ्हाइकाला तसंच सोडलं. हिरवा धावत आला, "ताई! माझा फोन!"

ताईंनी एक हात वर करून त्याला थांबवलं. दुसऱ्या हाताने बायकोचं बोट धरून स्क्रीनवर टेकवलं. आणि भोंग्याच्या वर आवाज चढवून तिसरं वाक्य पूर्ण केलं, "आणि आमची बॅटरी! तुमच्या आधी! थकत नाही!"

बायकोने नवऱ्याचा नंबर दाबला. दहाच्या दहा आकडे उमटले. तिने पुसले आणि परत दाबले. परत दहा.

"अगंबाई," ती म्हणाली. "उमटवतोय की हा."

हिरव्याने भोंगा बंद केला.  मग कामाची सवय उपयोगी पडली. "वहिनी, याचा कॅमेरा बघितलात का?"

"कॅमेरा राहू दे. याला कव्हर फुकट ना?"

ताईंनी आणि हिरव्याने एकमेकांकडे बघितलं. गिऱ्हाईक खरं होतं.

बिल हिरव्या टेबलावर झालं. जाताना माणूस निळ्या टेबलाशी थांबला. तो म्हणाला, "वाक्यं छान पाठ आहेत तुमची."

"कंपनीचीच आहेत," ताई म्हणाल्या.

ते गेल्यावर हिरवा चहा घेऊन आला. "ताई, हे सेटिंग दोन वर्षं तुम्ही माझ्यापासून लपवलंत?"

"लपवलं नाही. तू कधी खाली गेलास का? वरच्या वर फोटो काढत बसतोस."

"पण मला एक सांगा. तो खोटा असता तर?"

"तर मी तीन वाक्यं म्हटली. क्रमाने."

"आणि हात?"

"हाताचं रेकॉर्डिंग होत नाही," ताई म्हणाल्या. पण चहा अर्धाच प्यायल्या.

पुढचे नऊ दिवस वाईट गेले. माणूस खरा आला होता, यात शंका उरली नव्हती. पण खरा आलेला माणूस फॉर्म भरत नाही, असं कुणी सांगितलं होतं? फोन वाजला की ताई आधी नंबर कुणाचा ते बघत. त्यांनी मॉलकडे जाणाऱ्या पहिल्या बसची वेळही विचारून ठेवली. शेजारणीला दुपारचं विचारून बघितलं. ती हो म्हणाली, पण सासूबाई म्हणाल्या, "ती भरवताना मालिका बघते. घास कानात जाईल माझ्या."

दहाव्या दिवशी बाराच्या सुमारास एरिया साहेबांचा फोन आला. ताई दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

"मंगळवारी तुमची तपासणी झाली होती," साहेब म्हणाले. "रिपोर्ट आलाय. वाचतो. तिन्ही वाक्यं क्रमाने. दहापैकी दहा. शेरा असा आहे की दुकानात मोठा गोंधळ चालू असतानाही प्रतिनिधीने वाक्य अर्धवट सोडलं नाही." मग त्यांनी विचारलं, "कसला गोंधळ होता?"

"भोंगा वाजत होता, साहेब. शेजारच्या टेबलाचा."

"त्यांच्या वायरी आखूडच असतात. पण टेबलाशी उभ्या असलेल्या एका बाईंनी शेवटी हिरवा फोन घेतला, असंही लिहिलंय. तुम्हाला पटवता नाही आलं?"

"पुष्कळ बोलले मी. बाई हट्टी होत्या."

"असतात काही. मॉलचं सध्या राहू दे, तुम्ही आहात तिथेच बऱ्या."

साडेबाराला ताई निघाल्या, सात मिनिटांत घरी पोचल्या, आणि सासूबाईंच्या उशाशी ताट घेऊन बसल्या. झालेलं सगळं त्यांनी सांगितलं. बोटं, भोंगा, दहापैकी दहा. सासूबाईंनी ऐकताऐकता चार घास खाल्ले.

"म्हणजे दुपारचं तूच भरवणार. पुढेही."

"हो."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या, आणि पाचव्या घासाला तोंड वाकडं केलं. "मग आता भाजीत मीठ टाकायलाही शीक."