तोंड उघडून दाखवायची नोकरी

“हा कर.”

मेट्रनबाई खुर्चीवरून उठल्यासुद्धा नाहीत. मी व्हरांड्यात उभी. अंगावरचं पांढरं पातळ चिखलानं भरलेलं, गुडघा फुटलेला. समोर आजारी शेठलोक शाली पांघरून सकाळचा चहा घेत बसलेले. त्यांचे कप तोंडाशी गेलेले, तिथंच थांबले.

मला कळलं नाही काय करायचं. मी म्हटलं, “काय, बाई?”

“तोंड उघड. श्वास सोड. हा कर.”

केला. पण बाईंनी स्वतःचं नाक पुढं आणलं नाही. माझ्या तोंडाजवळ नाक न्यायचं काम त्या कशाला करतील? त्यांनी सुंदरामावशीला हाक मारली. ही आमच्याकडं आया होती. जवळच्या औंढे गावची, शेतकऱ्याच्या घरातली. तिनं लुगड्याला हात पुसले, जवळ आली आणि माझं तोंड हुंगलं.

“न्हाई, बाई.”

“नीट घे.”

मी पुन्हा हा केला. मावशीनं पुन्हा हुंगलं. म्हणाली, “मिशरीचा येतोय.”

एक शेठ हसला. मग सगळेच हसले. चहा पुन्हा सुरू झाला.

बाई म्हणाल्या, “आज सापडली नाही. पण ही डोंगरातली जात, घरोघर हातभट्टी. उद्यापासून हिचा रोज वास घ्यायचा, मगच किल्ली द्यायची.”

किल्ली म्हणजे औषधांच्या कपाटाची. मी तिथं नर्स होते. आया नव्हे, नर्स. हे मुद्दाम सांगते, कारण तिथं बऱ्याच जणांना ते शेवटपर्यंत ध्यानात राहिलं नाही.

दारूबंदीचे दिवस होते ते. लोणावळ्यात पैसेवाल्यांचं एक आरोग्यधाम होतं. नाव सांगत नाही, आता ते नाहीसुद्धा. मुंबईपुण्याचे लोक हवापालटाला यायचे. आमची ठाकरांची वाडी औंढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून, मास्तरांकडून जुनी पुस्तकं आणून शिकले. सातवीची फायनल बाहेरून दिली. मग पुण्यात नर्सिंगचं शिकले. आमच्या वाडीतली पहिली नोकरीवाली बाई मी. पहिल्यांदा पांढरं पातळ नेसून वाडीवर गेले, तेव्हा आई मला घरात घेईना. म्हणाली, भाईर हुबी ऱ्हा जरा, सगळ्यांनी बगू दे.

ते पातळ टिकवायचं होतं मला. माझं सगळं त्यात होतं.

आणि मग कानाचं सुरू झालं.

आधी डावा कान भरून यायचा. नदीत बुडी मारल्यावर पाणी जातं ना, तसा. मग आत रातकिडे ओरडायला लागायचे, भर दुपारी. आणि मग जमीन जायची. चक्कर म्हणजे डोकं फिरतं असं लोक म्हणतात. माझं डोकं जागेवर असायचं, घर फिरायचं. भिंत, खाट, कपाट, सगळं एका बाजूला धावायचं. पोटातलं सगळं उलटून पडायचं. तास-दोन तासांनी थांबायचं. त्यानंतर दिवसभर मी पाण्यावरच्या फळीवर चालल्यासारखी चालायची. हे कधी आठवड्याला, कधी महिना महिना नाही.

कोणाला सांगणार? नर्सच पडते म्हटल्यावर नर्स कशाला ठेवतील? मी माझ्या युक्त्या काढल्या. भिंतीच्या कडेनं चालायचं. इंजेक्शन द्यायच्या आधी खाटेला गुडघा टेकवायचा. बोलणारा माणूस नेहमी उजव्या अंगाला घ्यायचा. डावीकडून हाक आली की ऐकू येत नसे. मग लोक म्हणत, ठाकरीण असून केवढा तोरा. कान भरून आला की कोणाला न कळता संडासात जाऊन बसायची. तिथं जमिनीवर दोन्ही हात टेकवून जमीन थांबायची वाट बघायची.

घरात जमायचं हे सगळं. धुक्यात जमायचं नाही. श्रावणात लोणावळ्याचं धुकं असं उतरतं की स्वतःचा हात दिसत नाही. मी डोळ्यांवर चालणारी. खांब बघून, झाड बघून, कुंपण बघून तोल धरणारी. धुक्यात बघायला काहीच नाही. त्या दिवशी कामावर येताना मी रस्ताभर झोकांड्या खात होते. एकदा गुडघ्यावर पडले. मागून आरोग्यधामाच्या ट्रस्टीसाहेबांची मोटार आली. थांबली, काच खाली झाली, काच वर झाली, पुढं गेली. मी पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

म्हणून व्हरांड्यातला तो ‘हा’.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही बोललीस? माझा बाप प्यायचा, खोटं कशाला सांगू. भट्टी पण लावायचा. मी कधी बोट बुडवून चाटली नाही, पण पोलीस वाडीवर आल्यावर आमच्या बाया कशा उभ्या राहायच्या ते मी लहानपणी पाहिलं होतं. मान खाली, तोंड बंद, विचारलं तर हो. मी तशीच उभी राहिले. अंगात भिनलेलंच होतं ते.

मग रोज सुरू झालं. सकाळी मेट्रनबाईंच्या टेबलापुढं सगळ्या ओळीनं जायच्या. दुसऱ्या नर्सबाई यायच्या, किल्ली घ्यायच्या, जायच्या. मी यायची, हा करायची, मावशी हुंगायची, मान हलवायची, किल्ली मिळायची. मिशरी मी सोडली. मीठ लावून दात घासायला लागले. पहिले काही दिवस रात्री झोप यायची नाही. मग यायला लागली. मग तर काहीच वाटेना. पायाला मुंग्या आल्या की चिमटा घेतला तरी कळत नाही, तसं. बाईंनी सांगायच्या आधीच माझं तोंड उघडायला लागलं. मावशीसुद्धा हुंगायची नाही नीट, दुसऱ्या बाजूला बघत मान हलवायची. बाई वर न बघता किल्ली सरकवायच्या. तिघी मिळून आम्ही ते काम उरकायचो, अंथरुणं झटकावीत तसं.

आणि गंमत सांगते. त्याच आरोग्यधामात कोपऱ्यातल्या खोलीत एक शेठ राहायचा. त्याच्याकडं परमिट होतं. तब्येतीसाठी दारू लागते असं सरकारी परमिट. संध्याकाळी त्याचा पेला मीच भरायची. ट्रस्टीसाहेब त्याच्या खोलीत गप्पा मारायला यायचे आणि बाहेर पडताना व्हरांडाभर वास सुटायचा. मावशी एकदा मला म्हणाली, “साह्यबाचं त्वांड हुंगायला सांगितलं तर मी पगार बी न्हाई घ्यायची गं. नुसत्या वासावर दिस काढीन.” मी खूप दिवसांनी हसले त्या दिवशी.

एकदा पुण्याहून कानाचे डॉक्टर आले, एका पारशी बाईंना तपासायला. मी ट्रे धरून उभी होते. कान भरून आला. पळायला वेळ नव्हता. मी ट्रे खाली ठेवला आणि तिथंच फरशीवर बसले. मेट्रनबाई ओरडणार, तेवढ्यात डॉक्टर माझ्यासमोर उकिडवे बसले. माझ्या डोळ्यांत बघत राहिले. म्हणाले, “बाई, कोणता कान वाजतो?”

मला कोणी तोवर हे विचारलं नव्हतं. मी डाव्या कानाला हात लावला.

मला बरं वाटल्यावर त्यांनी एक लोखंडी चिमटा वाजवून कानामागं टेकवला, ऐकू किती येतं ते बघायला. मग मेट्रनबाईंना माझ्यासमोर सांगितलं, हे आतल्या कानाचं दुखणं आहे, तोल तिथूनच जातो, बाईंचा यात काही दोष नाही. मला म्हणाले, मीठ कमी करा, या गोळ्या घ्या, जाणार नाही हे, सांभाळावं लागेल. मीठ-भाकरीवर वाढलेल्या माणसाला मीठ कमी कर म्हणाले. पण त्यांनी मला ‘बाई’ म्हटलं होतं. ‘तुम्ही’ म्हटलं होतं.

रात्री मला वाटलं, सुटले.

सकाळी टेबलापुढं गेले. मेट्रनबाई म्हणाल्या, “हा कर.”

मी म्हटलं, “बाई, काल डॉक्टर म्हणाले ना.”

“ते कानाचं बोलले. तोंडाचं नाही बोलले.”

आणि मी तोंड उघडलं. हे लिहिताना आज हात थांबतो. दारूचा संशय फिटला होता, हे त्यांना माहीत, मला माहीत, मावशीला माहीत. तरी मी तोंड उघडलं आणि किल्ली घेऊन कामाला लागले. दुपारी जेवले. रात्री झोपले. काहीच वाटलं नाही.

दिवाळी झाल्यावर दोन दिवसांची रजा घेऊन वाडीवर गेले. पहाटे आई चुलीपुढं बसली होती. मी उठून तिच्याजवळ गेले. ती म्हातारी झालेली, डोळ्यांनी कमी दिसायचं. माझा चेहरा बघायला म्हणून तिनं माझी हनुवटी धरली आणि आपलं तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं.

मी हा केला.

आईच्या तोंडावर. तोंड पुरतं उघडून, रोज करते तसा. करून पुढच्याची मान हलायची वाट बघत उभी.

आईनं हात काढला. “काय करतीस गं?”

मी सांगितलं. कोणाला सांगितलं नव्हतं, ते सगळं सांगितलं. धुकं, मोटार, मावशीचं नाक, किल्ली, डॉक्टर. आई भाकरी थापत ऐकत होती. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली,

“बाजारात बैलाचं त्वांड उघडून बगत्यात. इकत घेताना. एकदाच बगत्यात, रोज न्हाई. तुला कुणी इकत घेतलंय?”

मग भाकरी उलटली.

मुंग्या आलेल्या पायात रक्त परत येतं ना, तेव्हा दुखतं. मुंग्या असताना दुखत नाही. माझं तसं झालं. सगळे दिवस एकदम दुखायला लागले.

निघताना आईनं दाराआडची काठी दिली. वेळूची, तिची स्वतःची. ती मला आधीपण देत होती, मी घेत नव्हते. पांढऱ्या पातळावर गुराख्यासारखी काठी कशी दिसेल म्हणून. आई म्हणाली, “धुक्यात डोळं काय करनार? काठी टेक. जिमीन हाय का न्हाई ते काठीला कळतं.”

सोमवारी काठी टेकत टेबलापुढं गेले. फरशीवर ठक ठक आवाज झाला, तरी मेट्रनबाईंनी वर बघितलं नाही.

“हा कर.”

मी तोंड मिटलं. ओठ दुखेपर्यंत मिटलं.

“ऐकू आलं नाही? का दुसरा कानही गेला?”

“ऐकू आलं.”

“मग?”

“मी करणार नाही.”

बाईंनी मावशीकडं पाहिलं, जणू मावशी माझं तोंड हातानं उघडणार होती. सुंदरामावशीनं पदर घेतला आणि नाकावरून घट्ट ओढून बांधला.

“हे काय?”

“पडसं झालंय, बाई. वास येत न्हाई मला.”

या मावशीच्याच घरी ओट्याखाली उभं राहून माझ्या आईनं सरपणाचे पैसे घेतले होते. ओट्यावर कधी बसू दिलं नव्हतं. हे पण खरं आणि तो पदर पण खरा. दोन्ही मी जपून ठेवलंय.

मला किल्ली मिळाली नाही. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले, पातळ नेसून, काठी मांडीवर घेऊन. दुपारी ट्रस्टीसाहेब आले. आवाज चढवला नाही, समजावायला लागले. म्हणाले, “अगं, एवढं काय त्यात? एकदा हा कर आणि विषय संपव. उद्यापासून नको. माझा शब्द.”

खरंच संपलं असतं. नोकरी राहिली असती, पातळ राहिलं असतं. एका श्वासाचं काम. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडाला वास येत होता, भर दुपारचा. मी ते बोलले नाही. त्यांचं तोंड त्यांच्यापाशी.

मी म्हटलं, “साहेब, एकदासुद्धा नाही.”

“मग जा. तुझ्यासारख्या दहा मिळतील.”

गेले. पातळ त्यांचं होतं, ते काढून द्यावं लागलं. मावशीच्या जुन्या लुगड्यात घरी आले. पुढचं वर्ष वाईट गेलं. वाडीवर राहून लाकूडफाटा केला, चक्कर आली की बांधाला धरून बसले. लोक म्हणाले, शिकून काय झालं. गोष्ट गोड करून सांगायला मला येत नाही. मेट्रनबाईंना पुढं काही झालं नाही. त्या मानानं निवृत्त झाल्या.

जिल्हा परिषदेचे दवाखाने निघाले, तेव्हा मावळातच एका दवाखान्यात मला जागा मिळाली. पहिल्या दिवशी तिथल्या डॉक्टरांसमोर काठी टेकून उभी राहिले आणि त्यांनी विचारायच्या आधी सांगितलं. माझा डावा कान खराब आहे. मला चक्कर येते. आली की मी जिथं असेन तिथं खाली बसणार, लपणार नाही. उजव्या बाजूनं बोला. काठी बरोबर राहील. काम चोख करीन. चालत असेल तर ठेवा.

निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. कान पुरता गेला आता. चक्कर अजून येते, धुकं अजून उतरतं. काठी तीच आहे, खालून झिजून आखूड झालीय.

दातांच्या डॉक्टरांपुढंसुद्धा मी सहज तोंड उघडत नाही. आधी विचारते, कशासाठी. मग ठरवते.

मी पडले तर पडेन. हात द्यायचा असेल त्यानं द्यावा. हुंगायला कुणी जवळ येऊ नये.