मंगलाताई पंखा बंद करायच्या

दुकानात भांडण पेटलं की मंगलाताई आधी पंखा बंद करायच्या. मे महिना असो, बाहेर कर्जतचं ते अंग भाजून काढणारं ऊन असो, त्या शांतपणे उठायच्या, बटण खाली करायच्या आणि म्हणायच्या, "कार्डं उडतात." ते निमित्त होतं. खरं कारण त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. "अगं, घाम फुटला की माणूस मुद्द्याचं बोलतो. गार वाऱ्यात बसला की उगीच पाल्हाळ लावतो."

मंगला कर्णिक हे त्यांचं पूर्ण नाव. कर्जतच्या बाजारात त्यांचं खेळण्यांचं आणि वह्या-पेनांचं दुकान होतं. यजमान गेल्यावर त्यांनी एकटीनं ते चालवलं. गिऱ्हाइकं मागतात म्हणून कधीतरी त्यांनी त्या कार्डांची पाकिटं ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक कार्डावर एक योद्धा नाहीतर राक्षस, आणि खाली बारीक इंग्रजीत दोन ओळी, हा काय करू शकतो त्याच्या. लोक ही कार्डं जमवतात, अदलाबदल करतात, आपापला गठ्ठा बांधून एकमेकांशी लढतात. लढाई राहते बाजूला, खरी मारामारी त्या दोन ओळींवरून होते. छापणाऱ्यानं लिहिलेलं असतं मोघम आणि वाचणारा वाचतो सोयीचं. मग कार्ड घेऊन सगळे गल्ल्याशी यायचे. "ताई, तुम्हीच सांगा!" ताई चष्मा पदराला पुसायच्या आणि कार्ड डोळ्यांजवळ न्यायच्या. "कार्डाला काय म्हणायचंय ते वाच. तुला काय हवंय ते घरी जाऊन आईला सांग."

असं करत करत दुकानामागच्या खोलीत एक मोठं टेबल आलं आणि दर रविवारी दुपारी तिथं आमच्यासारखे वाढलेले घोडे जमू लागले. बँकेतले, कारखान्यातले, माथेरानच्या हॉटेलात नोकरी करणारे. ताई स्वतः एकही डाव खेळल्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, "मला जिंकायला फार आवडतं गं. म्हणून लांब राहते."

मी खोपोलीच्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. घर खालापूरजवळच्या गावात. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मला पहिल्यांदा तिथं नेलं. तिचा रस महिनाभरात आटला, मी मात्र चिकटले. घरी सांगायची चोरी होती. आमच्या गावात पत्ते म्हणजे जुगार, आणि बाईमाणसानं पत्ते खेळायचे म्हणजे संपलंच! कार्डांचा गठ्ठा मी जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून न्यायचे. एकदा आईनं तो डबा घासायला काढला. "बाबासाहेबांनी तुमाला शिका म्हणून सांगितलं," ती म्हणाली, "आन् तू पत्ते कुटतेस व्हय गं?" मला इतकी लाज वाटली की दोन रविवार गेलेच नाही. पण तिसऱ्या रविवारी गेले. त्या टेबलावर मी काही बोलले की लोक माना वर करून ऐकायचे. असं मला ना घरी मिळायचं ना कारखान्यात. का ऐकायचे, त्यालाही ताईच कारण होत्या.

त्यांची एक रीत होती. कार्डावरून वाद झाला की ज्यानं त्यानं आपलं घोडं दामटायचं नाही. "आधी समोरच्याची बाजू तू मांड," त्या म्हणायच्या. "नीट मांड. त्याला स्वतःला जमणार नाही इतकी नीट मांड." दोघांनी असं एकमेकांच्या वतीनं बोलायचं, मग ताई निकाल द्यायच्या, आणि पंखा परत सुरू व्हायचा. नवीन आलेल्यांची फार त्रेधा उडायची. एक गृहस्थ तर रागारागात म्हणाले, "मी माझ्या शत्रूचं वकीलपत्र का घेऊ?" ताई म्हणाल्या, "मग घरी एकट्यानं पत्ते लावत पेशन्स खेळा. तिथं शत्रूच नसतो."

मला ही रीत फार जमायची. दुसऱ्याची बाजू घेणं माझ्या अंगातच आहे म्हणा ना. सुट्टीचा अर्ज स्वतःचा असला की जीभ टाळ्याला चिकटते, दुसरीचा असला की साहेबांशी भांडून येते.

त्या वर्षी आमच्या टेबलावरून एकाला पुण्याला मोठ्या स्पर्धेला पाठवायचं ठरलं होतं. शेवटचा डाव माझा आणि जयेशचा. जयेश मोहोपाड्याच्या कॉलनीतला, हुशार, पण शब्दांचा कंजूष. मला पुण्याला जायचं होतं. आता हे लिहितानासुद्धा कान गरम होतात, पण फार जायचं होतं. मी आईलाही सांगून ठेवलं होतं आणि ती चक्क म्हणाली होती, "जिंकलीस तर मी बी येतो."

डाव रंगात आला आणि जयेशनं एकाच घावात माझे दोन योद्धे पाडले. माझ्याकडच्या कार्डावर लिहिलं होतं, तुमचा योद्धा पडला की एक कार्ड उचला. दोन पडले, तर मी दोन उचलायची की एक? दोन मिळाली तर मी वाचत होते. एक मिळालं तर खेळ खलास. खोलीत कुजबुज झाली. ताई उठल्या, पंखा बंद.

मी जयेशची बाजू मांडली. नीट मांडली. "ताई, घाव एकच होता. एकाच गाडीनं दोन पाहुणे आले तरी चहा आपण एकदाच टाकतो ना? तसंच हे." सगळे हसले, ताईसुद्धा हसल्या. मग जयेश माझ्या वतीनं उठला. "ती म्हणणार, दोन पडले तर दोन," असं म्हणून तो खाली बसला. त्यात त्याचा काही कावा नव्हता, त्याला तेवढंच येत होतं. ताईंनी कार्ड पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "एक."

मी हरले. घरी गेल्यावर आईनं विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काय नाय." ती जे समजायचं ते समजली.

जयेश पुण्याला जाऊन पहिल्याच फेरीत हरून आला. त्यानंतर कधीतरी त्या कंपनीनं आपल्या वेबसाइटवर बऱ्याच कार्डांचा खुलासा टाकला. त्यात आमचं कार्ड होतं. दोन योद्धे पडले तर दोन कार्डं. जयेशनंच ते रविवारी सगळ्यांसमोर मोबाइलवर वाचून दाखवलं, खाली मान घालून.

ताई उभ्या राहिल्या. भरल्या खोलीत त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. माझ्या आईच्या वयाची बाई हो ती! "सुषमा, मी चुकले," त्या म्हणाल्या. "तू त्याची बाजू इतकी गोड मांडलीस की मी कार्ड वाचलंच नाही, तुझं बोलणं वाचलं. चहा एकदाच टाकतात गं, पण कप दोन भरतात. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठं बघू, हात कुठं ठेवू कळेना. त्यांचे जोडलेले हात तेवढे खाली यावेत म्हणून मी घाईघाईनं बोलून गेले, "अहो ताई, काय हे! खेळच तर आहे. एवढं काय मनावर घ्यायचं?"

त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. हात खाली आले, पण चेहराही उतरला. "खेळच आहे," त्या म्हणाल्या. "खरंय बाई तुझं." पुढच्या रविवारी दुकानाचं शटर खाली होतं. त्याच्या पुढच्याही.

रागावल्या असत्या तर परवडलं असतं. रस्त्यात भेटल्या की छान हसायच्या, आईची चौकशी करायच्या, टेबलाचा विषय काढायच्या नाहीत. मला हळूहळू कळत गेलं की त्या दिवशी मी त्यांना मोठ्या मनानं माफ केलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या दोन-दोन ओळींसाठी त्यांनी डोळे फोडले, ते सगळं पोरखेळ आहे असं मी चारचौघांत सांगितलं होतं. आणि मला काही लागलंच नाही, असं खोटंही बोलले होते. शरमेनं मी बाजारात जायचा रस्ता बदलला. जयेश फोन करून म्हणाला, "तुमीच काहीतरी करा. माझं तोंड नाय त्यांच्याकडं जायचं."

शेवटी आईच म्हणाली, "ऐतवारची घरात भुतासारखी फिरतेस. जा नं तिच्याकडं. तोंड काय नुसतं जेवायला हाय का?"

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ताई पेनांचे खोके लावत होत्या. मी म्हटलं, "ताई, पंखा बंद करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि केला.

"तुमची बाजू मांडते," मी म्हटलं. "निकाल चुकला की माणसाचं नुकसान होतं. ज्याचं झालं त्याची माफी मागायची असते. ती मागितल्यावर समोरची म्हणाली की ह्यात विशेष काही नव्हतंच. मग इतकी वर्षं मी इथं बसून केलं तरी काय?"

ताईंनी हातातला खोका खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आता तुझी मी मांडते. मोठ्या बाईनं हात जोडलेले पोरीला बघवले नाहीत. तिनं हाताला लागलं ते पांघरूण घातलं. पांघरूण आखूड पडलं, एवढंच." घाम आम्हा दोघींनाही फुटला होता. त्या म्हणाल्या, "पण माझ्या रीतीत एक भोक राहिलंय बघ. भल्या माणसाला ती मारते. तू त्या दिवशी त्याच्यासाठी एवढं बोललीस, स्वतःसाठी काय बोललीस?"

"काही नाही."

"मग आता बोल. एकच वाक्य."

माझी जीभ टाळ्याला चिकटली. ताई थांबल्या. पंखा बंदच. शेवटी मी जमिनीकडे बघत म्हटलं, "मला पुण्याला जायचं होतं." आणि भर दुकानात हमसून रडले.

रविवारपासून टेबल पुन्हा सुरू झालं. रीत तीच, फक्त शेवटी ताई दोघांनाही म्हणायच्या, "आता स्वतःसाठी एक वाक्य." भलेभले तिथं अडखळायचे. मी तर दर वेळी.

गेल्या वर्षी ताईंनी दुकान विकलं. गुडघे गेले होते, मुलगी कोल्हापूरला न्यायला आली होती. मी गेले तेव्हा खोली रिकामी झाली होती, पंखासुद्धा उतरवलेला. ताईंनी शेजारून चहा मागवला. "कप दोन सांगितलेत हो," म्हणाल्या. मी शहाण्यासारखं सगळं बोलले. तिथं लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहे, नातवंडं आहेत, जाताय ते अगदी योग्य आहे.

"ही झाली माझी बाजू," ताई म्हणाल्या. "आणि स्वतःसाठी?"

चाळिशी ओलांडलेली बाई मी. बाहेर टेंपोवाला उभा, त्यांची मुलगी दारात. लाजेनं माझे कान तापले. तरी बोलले.

"जाऊ नका, ताई."

त्यांचा हात सवयीनं पंख्याच्या बटणाकडे गेला. वर नुसता हूक होता. तो त्यांनी पाहिला, मग चष्मा पदराला पुसला, नीट, दोन्ही काचा.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "निकाल तुझ्या विरुद्ध. चहा पी, गार होईल."