लांब धाग्याचा माणूस

मेहकरच्या ज्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, मी वयाच्या चोविसाव्या वर्षी कारकून होतो, तिथं एका हंगामात बियाण्याच्या सरकीत भेसळ झाली. ती चूक उकंडाभाऊंच्या नावावर गेली. चूक माझी होती. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तिथंसुद्धा दुसरंच काहीतरी मागून उठतो. एका माणसाला ते न सांगता कळलं होतं, ते अर्थात उकंडाभाऊच. आता पन्नाशी दिसायला लागली, तेव्हा म्हटलं निदान कागदाला सांगावं. पण नुसती चूक सांगून भागायचं नाही. ती ज्यांच्या अंगावर गेली ते कोण होते, हे आधी कळलं पाहिजे.

उकंडाभाऊ आमच्या जिनातले कापसाचे पारखी. सुलतानपूरच्या, माळव्याची म्हणजे भाजीपाल्याची शेती करणाऱ्या घरातले. आधीची चार भावंडं दगावली म्हणून आईनं जन्मल्याबरोबर त्यांना उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचललं, त्यावरून हे नाव. "मले मायनंच पह्यल्या दिवशी टाकलं, बाबू," ते हसून सांगत. "तवापासून दुसऱ्या कोणी टाकलं त वाईट वाटत नाई."

अंगात बारमास काळी बंडी. ती हौसेची नव्हती, कामाची होती. गाड्यांची रांग लागली की प्रत्येक गाडीत कोपरापर्यंत हात घालून ते पोटातला कापूस बाहेर काढत. सरकी सोलून टाकत, उरलेली चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हळूच ओढत आणि तो धागा छातीवरच्या काळ्या कापडावर ठेवून न्याहाळत. न्याहाळता न्याहाळता ते नाहीसे होत. म्हणजे देहानं तिथंच असत, बोटं तशीच धरलेली, डोळे समोरच्या भिंतीवर; पण हाक मारली तरी ऐकू जात नसे. बाया एकमेकींना कोपरानं ढोसत, "भाऊ गेले वं गावाले." घटकाभरानं पापण्या हलत, आणि ते कोणीतरी बोलावल्यासारखे म्हणत, "आलो जी."

"भाऊ, आमच्यासाठी काय आणलं गावाहून?" गऊबाई विचारायची. यंत्रात कापूस घालायचं काम तिचं, आणि जीभ तिखट.

"तुह्यासाठी सासू आणली एक. पह्यलीपेक्षा मोठी."

माणसंही ते कापसाच्याच मापानं पाहत. "आखूड धाग्याचा माणूस लवकर पेटते, लवकर इझते. तोंडावर शिवी देते, पोटात काई ठेवत नाई. लांब धाग्याचा ताणला तरी तुटत नाई, पण गुतते लय." आणि दिवसाढवळ्या, डोळे उघडे ठेवून कोण कुठं जातो, हे ज्याच्या त्याच्या धाग्यावर असतं, असं त्यांचं म्हणणं. मुकादम नुसते ओठ हलवत बसलेले दिसले की म्हणत, "पाहा, कालचं भांडण आज जिकून राह्यले." गऊबाईचा हात मंदावला आणि गालात हसू आलं की, "हे पोचली माहेरी. दोन घमेले कापूस तसाच राह्यला." रागीट माणूस मनात भांडतो, भित्रा मनात हिशेब करतो, मायेचा माणूस मनात कोणाला तरी जेवू घालतो. "सपनं सगळेच पाहतेत. माहे तोंडावर दिसतेत, एवढाच फरक."

एकदा मी विचारलं, "आणि माझं काय, भाऊ?"

"तुमी त कापसाची दाबलेली गाठ, बाबू. वरून लोखंडी पट्ट्या. आत काय चाललं ते बापाले कळत नाई. एक पट्टी कापली का दुप्पट फुगसान."

सगळे हसले. मीही हसलो. बोलणं मला लागलं होतं, कारण ते खरं होतं.

एका हिवाळ्यात नागपूरहून शेतकी खात्याचे साहेब आले. पाच गावांचा कापूस त्यांनी पाच पुड्यांत बांधून आणला होता. गावं फक्त त्यांच्या वहीत होती. भाऊंच्या पारखीची कीर्ती त्यांच्या कानावर गेली असावी, पण विश्वास नव्हता. भाऊंनी चार पुड्या ओढून पाहिल्या, चार गावं सांगितली. पाचवी हातात घेतली आणि ते गेले. साहेब घड्याळ पाहू लागले, मॅनेजर खाकरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी "आलो जी" म्हणून भाऊ म्हणाले, "हा कापूस एका गावचा नाई, साहेब. अर्धा काळ्या मातीतला आहे, अर्धा मुरमाडातला. कोणीतरी हातानं मिसळला." साहेब मोठ्यानं हसले. त्यांनीच मिसळला होता.

"पण इतका वेळ तू काय करत होतास?"

"शेतात जाऊन आलो, साहेब. हे बोंड जिथं फुटलं तिथं."

"म्हणजे स्वप्न."

"सपनच. पण पाय मातीत ठेवून पाहा लागते."

साहेबांनी हे वहीत लिहून घेतलं. मी शेजारी उभा होतो. त्या दिवशी माझी छाती जितकी भरून आली होती, तितकी पुढं स्वतःच्या बढतीच्या दिवशीसुद्धा आली नाही. मी या माणसाबरोबर काम करतो, असं मला कोणालातरी सांगावंसं वाटलं होतं.

त्यानंतर निवडक बियाण्याचं काम आमच्या जिनाकडे आलं. आमच्याकडच्या नेहमीच्या कपाशीला पिवळं फूल येई. या नव्या निवडीला पांढरं. तिच्या कापसाची सरकी वेगळी काढायची, वेगळ्या खोलीत ठेवायची, आणि पेरणीला सुलतानपूरच्या शेतकऱ्यांना द्यायची. खोलीची किल्ली भाऊंच्या कमरेला. या कामात एकच गोष्ट सांभाळायची असे. पांढऱ्या फुलाचा कापूस यंत्रावर घेण्याआधी सगळी यंत्रं थांबवून, जाळीखालची आधीच्या कापसाची सरकी कुंच्यानं झाडून काढायची. एक दाणा राहता कामा नये. अर्धा दिवस जाई. ते झाडून घेण्याचं काम माझं होतं.

पांढऱ्या फुलाचा कापूस यंत्रावर घ्यायचा होता, त्या सकाळी माझं मन जिनात नव्हतं. मलकापूरला, रेल्वेच्या बाजूला गाठी दाबण्याचा मोठा कारखाना होता. तिथल्या हेडक्लार्कच्या जागेसाठी माझं नाव गेलं होतं. मी त्या जागेवर बसूनही टाकलं होतं. खुर्ची, तिला वेताची पाठ, खिडकीतून दिसणारी मालगाडी, आणि मला उठून नमस्कार करणारे दोन कारकून. पहिली आठ यंत्रं झाडली गेली. उरलेल्या चारांपाशी माणसं माझ्या हुकमाची वाट पाहत उभी होती, आणि मी हातानंच "चला" अशी खूण केली; ती चार न झाडताच राहिली. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. दाबलेल्या गाठीचा हा फायदा असतो.

भाऊ आले. "यंत्रं झाडली काय, बाबू?"

"हो."

जाळीखाली स्वतः हात घालून पाहायची त्यांची सवय. ते वाकलेही. मग माझ्याकडे पाहून परत सरळ झाले. "तुमी म्हणतलं त झालं."

त्या सरकीची पेरणी झाली, आणि पोळा उलटल्यावर सुलतानपूरचे लोक आले. पुढे लक्ष्मण पाटील. त्यांनी पटक्याच्या पदरात बांधून आणलेली फुलं मॅनेजरच्या मेजावर ओतली. मूठभर पांढरी, त्यात दहा-बारा पिवळी. "हे तुमचं निवडक बेणं," ते म्हणाले. पुढल्या सालचं बियाणं गावाला याच पिकातून धरायचं होतं. आता ते कोण धरणार, आणि पुन्हा आमच्या दारात सरकी मागायला कोण येणार?

मॅनेजरांनी मला आणि भाऊंना बोलावलं. मला विचारलं, "त्या दिवशी उकंडा कुठं होता?"

"जागेवरच होते," मी म्हणालो. आणि थोडं थांबून म्हणालो, "पण नेहमीसारखे."

"म्हणजे?"

"म्हणजे, आपल्या तंद्रीत."

यात तसं पाहिलं तर एकही शब्द खोटा नव्हता; भाऊ रोजच केव्हातरी तंद्रीत असत. खोटं कसं बांधायचं, ते मी त्या दिवशी शिकलो. लक्ष्मण पाटलांनी मान हलवली. गावभर ठाऊक असलेलीच गोष्ट होती. भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. ते मॅनेजरांना म्हणाले, "हातानं पाहाले पाह्यजे होतं म्या. पाह्यलं नाई, हे खरं आहे." त्यांनी कमरेची किल्ली सोडून मेजावर, फुलांच्या शेजारी ठेवली. काळी बंडी मात्र अंगात तशीच ठेवून ते फाटकाबाहेर गेले.

आठ दिवसांनी मॅनेजरांनी मला सुलतानपूरला पाठवलं, किती शेतांत भेसळ आहे ते लिहून आणायला. मी सकाळीच पोचलो. कपाशीची फुलं सकाळी उघडतात. दुपारनंतर त्यांचा रंग बदलतो, मग ओळखता येत नाहीत. पाहतो तर लक्ष्मण पाटलांच्या शेतात उकंडाभाऊ. ओळीनं चालत होते, पिवळं फूल दिसलं की झाड मुळासकट उपटत होते. बांधावर उपटलेल्या झाडांचा ढीग. किल्ली ठेवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते गावातली शेतं अशीच पालथी घालत होते. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी रोजंदारी देणार नव्हतं.

पाटील बांधावरून म्हणाले, "काऊन भाऊ, सपनात पिवळं दिसलं होतं काय?"

"सपनात पांढरंच दिसलं होतं, पाटील," भाऊ वर न पाहता म्हणाले. "म्हणून त पिवळं उपटून राह्यलो."

"बोंडं धरलेलं झाड उपटता, जीव तुटते आमचा."

"एक साल तुटू द्या. बेणं तुटू देऊ नका."

थोड्या वेळानं पाटीलही ओळीत उतरले.

ऊन चढल्यावर भाऊ निंबाखाली येऊन बसले, फडकं सोडलं आणि अर्धी भाकर माझ्यापुढे केली. मग अगदी सहज, जणू गऊबाईची थट्टा करतात तसं, म्हणाले, "बाबू, त्या दिवशी तुमी कुठी गेलते?"

"कधी?"

"म्या इचारलं, झाडली काय. तुमी हो म्हणतलं. तोंड माह्याकडं होतं, तुमी नव्हते. मले वळखू येते. धंदाच आहे माहा."

"मलकापूरला," मी म्हणालो.

"चांगलं आहे मलकापूर. आगगाडी आहे तिथं."

"मी मॅनेजरसाहेबांना सांगतो, भाऊ. आजच सांगतो. पाटलांनाही."

"सांगा. पण माह्या तोंडाकडं पाहून सांगू नका." ते झाडांच्या ढिगाकडे पाहत होते. "सपनातून माणूस एका हाकेत येते. भेवातून येयाले येळ लागते. तुमी सावकाश या."

पाटील वीस पावलांवर होते. मी उठून बोलू शकत होतो. मी शेतांची नावं लिहिली आणि परत आलो. महिन्याभरात मलकापूरचं पत्र आलं. खुर्चीला खरोखरच वेताची पाठ होती. खिडकीतून मालगाडी दिसे. इतकं तंतोतंत खरं झालेलं स्वप्न मी दुसरं पाहिलं नाही, आणि त्यानंतर मी स्वप्न पाहणंच सोडलं. मन थोडं सैल सोडलं की ते त्या निंबाखाली जाऊन बसे.

त्या वर्षी भाऊंनी सुलतानपुरात एकही पिवळं फूल ठेवलं नाही. पुढल्या साली गावानं बियाणं स्वतःच्या पिकातून धरलं, आणि ते भाऊंच्या देखरेखीखाली धरलं. नंतर आजूबाजूची गावं सुलतानपूरहून सरकी नेऊ लागली. मेहकरच्या जिनानं त्यांना परत बोलावलं, ते गेले नाहीत. ज्याची पारख साहेबाच्या वहीत उतरली, तो माणूस उरलेलं आयुष्य सकाळच्या उन्हात, काळी बंडी घालून, लोकांच्या शेतांतून फुलं पाहत फिरला. मी जन्मात एवढा एकच लांब धाग्याचा माणूस पाहिला. मी ताणून पाहिला, तुटला नाही.

गेल्या हंगामात लक्ष्मण पाटील मलकापूरला आले होते. आता म्हातारे झालेत. माझ्या मेजासमोर बसून त्यांनी सांगितलं, "उकंडाभाऊ गेले, बाबूसाहेब. कपाशी निंदणं चालू होतं. बांधावर बसले होते, हातात फूल, डोळे उघडे. बाया म्हणे, भाऊ गेले गावाले, येतीन घटकाभरानं. वाट पाह्यली आमी." त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "उन्हं कलली तरी आले नाईत."

मग जाता जाता म्हणाले, "सपनाळू माणूस. एक डाव चुकला खरा. पण आज माह्या शिवारात पाहा, पांढरंच फुलते."

मी दारापर्यंत त्यांना पोचवायला गेलो, आणि बोललो नाही.

"एक डाव चुकला" हे वाक्य सुलतानपुरात अजून चालू आहे. ते चुकले नव्हते. चार यंत्रं मी झाडून घेतली नव्हती आणि घेतली म्हणून सांगितलं होतं. एवढं मला सुलतानपूरच्या पारावर उभं राहून, लक्ष्मण पाटलांच्या देखत बोलायचं आहे. ते अजून राहिलं आहे.