विहिरीच्या काठावरच्या चपला

बाई दुकानात आल्या की खुर्चीत बसायच्या आधी सांगायच्या, "आज सरपंच संपवला." झेरॉक्ससाठी थांबलेले लोक दचकून मागे बघायचे. बाई शांतपणे पिशवीतून लिहिलेले कागद काढून माझ्यापुढे ठेवायच्या.

शिरूर कासारला माझं टायपिंगचं दुकान आहे. बाई इथल्याच शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि सुट्टीत खुनाच्या कादंबऱ्या लिहायच्या. तुम्ही स्टँडवर कधी त्यांची एखादी घेतली असेल, तर खून बाईंचे आणि शुद्धलेखनाच्या चुका माझ्या. घरात झुरळ निघालं की मात्र बाई शेजारणीला हाक मारायच्या.

एका पुढाऱ्याने त्यांना विचारलं, कादंबरीतला तो लबाड चेअरमन म्हणजे आमचे विरोधकच ना? बाई म्हणाल्या, "सगळं मनातलं." पुढे विरोधकही तोच प्रश्न घेऊन आले, त्यांनाही तेच उत्तर मिळालं. दोघांनीही बाईंचा सत्कार केला.

त्यांच्या एका कादंबरीत एक सून विहिरीत सापडते. तिने जीव दिला, असं सासरचे सांगतात. पण काठावरच्या चपलांत डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे असते. स्वतः चपला काढणारं माणूस अशा ठेवत नाही. म्हणजे त्या दुसऱ्याच कुणीतरी आणून ठेवल्या. एवढ्या धाग्यावरून बाईंची महिला फौजदार नवऱ्यापर्यंत पोचते.

पुस्तक आलं आणि काही महिन्यांनी जवळच्या खेड्यात खरंच एक सून विहिरीत सापडली. जीव दिला, असं म्हणून प्रकरण मिटलं. तिचा बाप मेंढरं राखायचा, अक्षरओळख नव्हती. एकदा पारावर कुणीतरी बाईंचं पुस्तक मोठ्याने वाचत होतं. चपलांचं आलं तसा म्हातारा उठला आणि बाईंचा पत्ता विचारत माझ्या दुकानात येऊन पोचला. बाई तिथेच बसल्या होत्या.

"बाई, माज्या पोरीच्याबी चपला आशाच होत्या," तो म्हणाला. "मी डोळ्यानं बघितल्या. त्याचा आर्थ आसा आसतो, ते मला ठावं न्हवतं."

बाईंनी उठून आपली खुर्ची त्याला दिली. म्हातारा बाहेर पाणी प्यायला गेला तेव्हा मी हळूच विचारलं, जावयाने तुमचं पुस्तक वाचून तर केलं नसेल? बाईंनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "वाचलं असतं तर चपला नीट ठेवल्या असत्या."

बाई त्याला घेऊन ठाण्यात गेल्या. साहेब म्हणाले, ही कादंबरी नाही. मग बाई शाळा सुटली की रोज तिथे जाऊन बसायला लागल्या. निम्मे हवालदार त्यांचेच विद्यार्थी. बाई दारात दिसल्या की त्यांना उठून उभं राहावं लागायचं. शेवटी साहेबच कंटाळले, तपास पुन्हा सुरू झाला, जावयाला अटक झाली आणि खटला उभा राहिला. बाईंचा तालुक्यात वट वाढला.

कोर्टात जावयाच्या वकिलाने म्हाताऱ्याला विचारलं, पुस्तक ऐकायच्या आधी चपलांचं कुणाला सांगितलं होतं का? म्हातारा म्हणाला, न्हाई. मग वकिलाने बाईंनाच साक्षीला बोलावलं. चपलांची ही कल्पना तुम्हाला कुठून सुचली? बाईंनी शपथ घेतलेली होती.

"मनातली आहे," त्या म्हणाल्या.

पंचनाम्यात चपलांची नोंद होती. त्या कशा ठेवलेल्या होत्या, ते कुणी लिहिलंच नव्हतं. जावई सुटला.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर बाई म्हाताऱ्याच्या पाया पडायला वाकल्या. त्याने त्यांना मध्येच धरलं. "तुमी खरंच बोलल्या, बाई," तो म्हणाला. "मीबी खरंच बोललो."

त्यानंतर बाईंनी कुणाला मारलं नाही. एक कादंबरी टाईप करायला आणली, तिच्यात सगळे शेवटपर्यंत जिवंत. प्रकाशकाने ती परत पाठवली. चपलांच्या पुस्तकाची नवी आवृत्तीही बाईंनी काढू दिली नाही. मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

दहावा झाल्यावर म्हातारा दुकानात आला. ते पुस्तक कुठंच मिळत नाही, तुमच्याकडं हाय का, असं त्याने विचारलं. माझ्याकडे एक प्रत होती, ती मी पुढे केली. त्याने हात पुढे केला नाही. मला कुठं वाचता येतं, म्हणाला, शेवटचं तेवढं वाचून दाखवा.

मी प्रिंटर बंद केला आणि वाचायला लागलो. जीप घरापुढे थांबते. फौजदार आत जाते. नवऱ्याला बेड्या घालून बाहेर आणते आणि सगळं गाव बघत उभं असतं. म्हातारा जमिनीकडे बघत ऐकत होता.

वाचून झालं तसं मी पुस्तक मिटलं.

"आजून एकदा," तो म्हणाला. "जीप येती तितनं."