अकरा खिशांचा कोट

आमच्या शेजारचा बन्सी एका जागी बसत नाही, कारण त्याच्या कोटातला गोलकीपर त्याला टोचतो.

हसू नका, सांगतो. दौंडच्या रेल्वे यार्डात मालगाडी लागली की डब्याडब्यामागं पळत नंबर टिपायचे, ही बन्सीची नोकरी. दिवसभर पळून आलेला माणूस घरी जरा टेकतो. हा बाबा आमच्या दोन क्वार्टरांच्या मधल्या बोळात येरझारा घालतो. त्यात फुटबॉलचा नाद. मैदानावर आमच्या क्लबाची मॅच असली की आम्ही ओरडतो, शिव्या देतो, शेंगा खातो. बन्सी मोजतो. कुणी समोरच्याचा बॉल काढून घेतला, एक. नेमका पास दिला, एक. गोल वाचवला, एक.

मोजायला चिंचोके, आणि चिंचोके ठेवायला कोट. अनसाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, रेल्वेच्या निळ्या कोटाला जुन्या लुगड्याचे खिसे शिवून दिलेले, दर गड्याला एक. मैदानावर जो जिथं उभा, त्याचा खिसा कोटावर तिथं. फॉरवर्ड छातीवर, बॅक खाली घेराला, आणि गोलकीपर सगळ्यांच्या मागं. मागं म्हणजे कुठं, ते सांगायला नको. गोलकीपरचा दिवस चांगला गेला की बन्सीची बसायची सोय राहत नाही.

मॅच संपली की अनसाबाई एकेक खिसा परातीत रिकामा करायची आणि पुटपुटायची, "लोकाची मानसं घरला येताना भाजी आनत्यात."

पण त्या चिंचोक्यांना मान होता बरं का. गोल मारणाऱ्याला सगळं दौंड डोक्यावर घेऊन नाचायचं, तेव्हा बन्सीच्या परातीनं दाखवलं की गोलाआधीचा बॉल दर वेळी मधल्या जयसिंगच्या पायातनं येतोय. क्लबानं जयसिंगला कॅप्टन केलं आणि आम्ही जिंकायला लागलो. तेव्हापासून जयसिंग संघ ठरवायचा तो परातीकडं बघून.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. आमचा डावा बॅक म्हाळू, वरवंडचा. अंगानं थोराड, तोंडानं मुका म्हणावा इतका गप्प. त्याचं आणि बन्सीच्या लेकीचं, अंजनाचं, लग्न ठरलेलं, पण एका अटीवर: आधी नोकरी, मग हळद. आणि नोकरीची वाट निघाली. शिरूरच्या क्लबाशी त्यांच्या गावात मॅच ठरली. त्यांनी पुण्याहून पैसे घेऊन खेळणारे गडी आणलेले. ती मॅच बघायला सोलापूरहून रेल्वेचा साहेब येणार होता, खेळाडू म्हणून भरती करायला पोरं हेरत.

आदल्या संध्याकाळी जयसिंग परात बघायला आला. मोसमभराचे चिंचोके खिशाखिशाप्रमाणं वेगळे मांडलेले. म्हाळूच्या जागी परातीचं पितळ चमकत होतं.

"मामा, ह्यो मैदानात करतो तरी काय?" जयसिंग म्हणाला.

आत अनसाबाईनं भांडं आपटलं. मी दारातच होतो. शेजाऱ्याच्या घरी परात निघाल्यावर मी आणखी कुठं असणार? म्हणालो, "बन्सी, घाल की मूठभर. जयसिंग तिकडं बघंल, आन् मला तर संध्याकाळचं दिसतच न्हाई."

"यार्डात न आलेला डबा मी कवा लिहला न्हाई," बन्सी म्हणाला. "हितं कसा लिहू?" आणि तोंड फिरवून, "बसव त्याला भाईर."

त्या संध्याकाळी बोळात इतक्या येरझारा झाल्या की माझी खुडूक कोंबडी अंड्यांवरनं उठून गेली. अंजनानं बापाचा कोट झटकून खुंटीला लावला, इतक्या जोरात की खुंटी हलली.

दुसऱ्या दिवशी एसटीत बन्सी दारापासून ड्रायव्हरपर्यंत उभ्यानं फिरत होता. न्हावरे गावाजवळ कंडक्टर वैतागला, "आवो मामा, गाडी चालतीय तेवढं बास न्हाई का?" मागच्या बाकावर म्हाळू मांडीवर बूट घेऊन खिडकीबाहेर बघत होता.

शिरूरच्या मैदानावर खेळ सुरू झाला आणि आमची डावी बाजू उघडी पडली. त्यांचे गडी बॉल घेऊन तिकडनंच घुसायचे. एक गोल झाला. बन्सी रेषेवर पळतोय. दुसरा गोल झाला, तोही तिकडनंच. चिंचोके टाकायचं भान कुणाला! साहेब खुर्चीत जांभया देत होते.

मध्यांतरात शिरूरचा कॅप्टन पाणी प्यायला आमच्याच डेऱ्यापाशी आला. जिंकणारा माणूस जरा जास्तच बोलतो. म्हणाला, "तुमचा डावीकडचा पैलवान आजारी हाय का? मागल्या बारीला आमचे दोघं त्याला धडकून घरला गेले, तवापासनं त्या अंगाला कुणी फिरकत नव्हतं. आज रान मोकळं दिसतंय!"

बन्सीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. दुसरा हात डावीकडच्या रिकाम्या खिशात गेला. मग तांब्या मला देऊन तो जो पळाला!

"जयसिंग, आरं चुकलो! त्याच्याकडं कुणी येतच न्हाई, म्हनून त्याचा खिसा रिकामा! आलेलं मोजलं रं मी, त्याच्या भ्यानं न आलेलं न्हाई मोजलं! घाल त्याला आत!"

म्हाळू उतरला. पुण्याचा एक गडी नवखा होता, तो एकदा त्याच्या अंगावर गेला आणि उठून लंगडत लांबच्या बाजूला खेळायला लागला. मग तिकडं कुणीच नाही. सगळे उजवीकडं दाटीवाटीनं, आणि तिथं जयसिंग वाटच बघत होता. आम्ही दोन्ही गोल फेडले. मॅच बरोबरीत.

साहेबांनी जयसिंगचं नाव विचारलं, गोल मारणाऱ्याचं विचारलं आणि उठले. बन्सी समोर आडवा.

"सायेब, तीन नंबरवाला ऱ्हायला, आमचा डावा बॅक."

"तो? त्यानं तर बॉलला पायही लावला नाही."

"त्येच तर, सायेब!" बन्सीनं खिसा उलटा करून बाहेर काढला. लुगड्याचं हिरवं कापड लोंबायला लागलं. "त्यो नव्हता तवा दोन गोल बसले. त्यो आला, मग किती बसले? एक बी न्हाई."

साहेबांनी कोट वरून खाली बघितला. "तुमचा कोण तो?"

बन्सी उलटा खिसा परत आत कोंबायला लागला. शेवटी माझ्यासारख्या भल्या शेजाऱ्यालाच पुढं व्हावं लागलं. "होनारा जावई, सायेब."

बन्सीनं माझ्याकडं असं बघितलं की आता सांगताना मी हसतो, पण तेव्हा दोन पावलं मागं सरलो होतो.

"म्हणजे घरचीच शिफारस," साहेब निघाले.

"न्हाई सायेब," जयसिंग घाईनं म्हणाला, "ह्याच मामांनी त्याला आज भाईर बसवला होता."

साहेब थांबले. "स्वतःच्या जावयाला? मी येणार हे माहीत असून?"

"खिसा रिकामा होता, सायेब," बन्सी मान खाली घालून म्हणाला.

साहेब पहिल्यांदा हसले. "मग तुमचं ऐकायला हरकत नाही. नाव काय त्याचं?"

म्हाळू दौंडच्याच इंजिनशेडला नोकरीला लागला. उन्हाळ्यात लग्न झालं. बन्सी मांडवात एकदाही बसला नाही, आणि त्या दिवशी तर अंगात कोटही नव्हता.

म्हाळूच्या खिशाचा हिशोब मात्र त्यानं बदलला. मॅचच्या आधी तो खिसा चिंचोक्यांनी गच्च भरायचा. समोरचा कुणी त्या बाजूला आलाच, तर एक काढून टाकायचा. काढायची पाळी क्वचितच यायची. त्यामुळं सगळ्या कोटात पहिल्यांदा उसवला तो जावयाचाच खिसा. अनसाबाई तो शिवायला बसली की पुटपुटत नाही, हे मी बोळातनं पाहिलेलं आहे.