विषय: जिममधून नाव कमी करणेबाबत

मी आजवर जिममध्ये एकूण सात वेळा गेले. एकदा नाव घालायला, दोनदा व्यायाम करायला आणि उरलेल्या चार वेळा नाव काढायला. नाव अजून तिथंच आहे.

हे सांगताना मला लाज वाटते ती व्यायामाची नव्हे, कागदाची. हिंगोलीतल्या एका सरकारी कचेरीत मी बावीस वर्षं आवक-जावक सांभाळते. म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारून नंबर टाकायचा आणि बाहेर जाणाऱ्याची तशीच रीतसर पाठवणी करायची. त्यामुळे आमच्या गल्लीत कुणाला कशावरही सही करायची असली की कागद आधी माझ्याकडे येतो. विम्याचा, भाड्याचा, एकदा तर सोयरिकीसाठी आलेल्या मुलाची माहितीसुद्धा आली होती (मी त्यात तीन त्रुटी काढल्या, सोयरीक मोडली). घरातल्या कागदांचं लोखंडी कपाट माझ्या ताब्यात, त्याची किल्ली माझ्या पर्सला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण आमच्या ह्यांना स्वतःचा जन्मदाखला पाहायचा झाला तरी तो माझ्याकडे मागावा लागतो.

अशा बाईनं तीन वर्षांच्या 'फॅमिली पॅक'वर सही कशी केली? शिक्क्यामुळे. गुडघा दुखायला लागला होता, स्टेशनच्या रस्त्यावर टायरच्या दुकानाच्या वरती नवीन जिम निघाली होती, सहज चौकशी करावी म्हणून चढले. तिथल्या मुलीनं पावती फाडली. छापील पावती, खाली कार्बन, उजव्या कोपऱ्यात नंबर आणि सहीच्या बरोबर डाव्या बाजूला, जराही वाकडा नाही असा गोल शिक्का. बावीस वर्षांत इतका सरळ शिक्का मी दुसऱ्या कुणाच्या हातून पाहिला नव्हता. मी भारावले आणि सही केली. मागची बाजू वाचायची राहून गेली.

आमचे हे मोंढ्यात एका आडत्याकडे कामाला आहेत. हळदीच्या पोत्यात हात घालून मूठभर माल बाहेर काढून पाहिल्याशिवाय तिथं सौदा होत नाही. पावती पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "मूठ पाहिली का?"

मी म्हटलं, ही हळद नाही.

पहिल्या दिवशी त्या पळायच्या पट्ट्यावर मी वीस मिनिटं चालले आणि जिथून निघाले तिथंच उतरले. कचेरीत वर्षानुवर्षं फायली अशाच चालताना पाहिल्यामुळे त्याचं मला फार नवल वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र हातांचा व्यायाम झाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत माझा हात खांद्याच्या वर जाईना. शिक्का उचलायचा म्हणजे दोन्ही हात लागायला लागले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशीचं टपाल दुसऱ्या दिवसावर गेलं. मी तिथंच ठरवलं, गुडघा परवडला.

पण हप्ता बँकेतून आपोआप कापला जात होता. खातं उघडलं तेव्हा माझ्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून नंबर ह्यांचा दिलेला. दर महिन्याच्या पाच तारखेला ह्यांच्या फोनवर मेसेज येई आणि हे तो जेवताना, भाकरी मोडता मोडता, मोठ्यानं वाचत. वर काही बोलत नसत. तिसऱ्या मेसेजला मी चिडून म्हटलं की मनात आणलं तर एका अर्जात नाव काढून दाखवीन.

"दाखव मंग," हे म्हणाले. "मार्चअखेर नाव निघालं तर मी ह्या विषयावर एक शब्द बोलणार न्हाई. न्हाई निघालं, तर कपाटाची किल्ली माझ्याकडं."

मी हसून हो म्हटलं. (तोंडी कबुली कधी देऊ नये, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगत असते.)

अर्ज झकास झाला होता. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जागच्या जागी. दोन प्रती केल्या. एक त्यांना द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. या वेळी काउंटरवर मालक स्वतः होता. गजानन नावाचा तिशीतला पोरगा, दंड माझ्या कंबरेएवढे. त्यानं अर्ज शांतपणे वाचला, खालचं नाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माहेर कुठलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, पुसेगाव.

"पुसेगावच्या कोणाच्या?"

वडिलांचं नाव सांगितल्यावर तो काउंटरच्या मागून बाहेर आला आणि वाकून पायाच पडला. त्याचे वडील माझ्याच आळीतले. म्हणजे मी गावची लेक, त्याच्या बापाची बहीण, त्याची आत्या.

"आई," त्यानं मागच्या खोलीकडे पाहून हाक मारली, "आत्या आली बघ."

मागं त्यांचं राहतं घर होतं. कौसल्यावहिनी पदराला हात पुसत आल्या, "वन्सं, आज कशी वाट चुकलात" म्हणाल्या आणि मला आत ओढून घेऊन गेल्या. चहा झाला, मुरमुऱ्यांचा सुशीला झाला. पुसेगावात कोण गेलं, कोण आहे, कुणाची विहीर आटली, सगळं झालं. गजानन दर रविवारी जिम बंद ठेवून गावच्या शेतावर जातो, हेही कळलं. निघताना वहिनींनी पाटावर बसवून ओटी भरली. नारळ, तांदूळ, हिरवा खण. एवढं सगळं पदरात घेऊन पुन्हा काउंटरवर थांबून "माझं नाव काढ" कसं म्हणणार? भरल्या ओटीनं माहेरातून नाव कमी करा म्हणणारी लेक पुसेगावात आजवर झाली नसेल. मी खाली उतरले तेव्हा आपण नेमकं कशाला आलो होतो, हेच मला पक्कं आठवेना. तांदूळ ज्या कागदात बांधले होते तो घरी येऊन उलगडला, तर ती अर्जाची दुसरी प्रत.

ह्यांनी पोच विचारली. मी खण दाखवला.

दुसऱ्या वेळी मी नातं बाजूला ठेवून वैद्यकीय कारण पुढं करायचं ठरवलं. डॉक्टरांना गुडघा दाखवला, जिम बंद करण्याबाबत दाखला द्या म्हणून सांगितलं. त्यांनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला, काहीतरी लिहिलं, पाकिटात घातलं आणि पाकीट चिकटवून वर 'जिमचालक यांस' असं लिहून दिलं. आता, पाकीट ज्याच्या नावाचं त्यानंच फोडायचं, ही माझी बावीस वर्षांची शिस्त. मी ते तसंच नेऊन गजाननला दिलं. त्यानं माझ्यासमोर फोडलं आणि काळजीनं मोठ्यानं वाचलं. रुग्णाचा गुडघा व्यायामाअभावी आखडलेला असून त्यांनी जिम कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये.

"आत्या, तुमी काहून अंगावर काढून राहिल्या?" तो म्हणाला, आणि माझ्यासाठी सकाळची वेगळी वेळ लिहून ठेवली. मी आभार मानून घरी आले. कशाचे आभार मानले, देव जाणे.

मार्चचा दुसरा आठवडा उजाडला तेव्हा मी मनाशी म्हटलं की आता कायद्यानंच बोलायचं. तिसऱ्या वेळी मी पावती उलटी करून गजाननसमोर ठेवली. मागं एकच ओळ होती: नाव कमी करायचे असल्यास भेटा. मी म्हटलं, भेटले. आता पुढं काय?

तो अगदी खरेपणानं डोकं खाजवायला लागला. पुढं काय ते त्यालाच माहीत नव्हतं. नाव काढायला आजवर कुणी आलंच नव्हतं. लोक नुसते यायचे बंद होतात. हप्ता थांबवायचा म्हणजे त्याला हप्ते कापून घेणाऱ्या कंपनीला कळवावं लागणार, आणि कंपनी विचारणार की तुमच्या कोणत्या नियमानं.

"नियमच न्हाईत, तर मी कोणत्या नियमानं काढू? तुमी लिहून द्या की, आत्या. तुमचं तर कामच हाय. पहिला अर्ज तुमचाच घेतो."

इथं मी उठून घरी यायला हवं होतं. पण एखाद्या सुतारासमोर पाय डुगडुगणारं टेबल ठेवा आणि तो काय करतो ते पाहा. मी कोरा ताव मागितला. वहिनींनी चहा ठेवला. अर्ज विहित नमुन्यात, दोन प्रतींत. कुटुंबाचं नाव असेल तर सगळ्या मोठ्या माणसांच्या सह्या, जिममध्ये समक्ष. मग गजाननला शंका आली की उद्या कुणीही उठेल, आज नाव घालील, परवा काढील, मशीन घेतल्यात त्याचं काय? शंका रास्त होती. भाच्याचं नुकसान होऊन कसं चालेल? मी कलम घातलं: सलग साठ दिवस हजेरी भरल्याशिवाय अर्जाचा विचार केला जाणार नाही. वहिनी म्हणाल्या, गावाकडचे लोक नात्याचा फायदा घेतात हो वन्सं. मी लिहिलं: मालकाच्या कोणत्याही नातेवाइकास सूट नाही. मग हात गरम झालेलाच होता, म्हणून शेवटचंही घातलं. नियम सध्याच्या सर्व सभासदांना लागू राहतील. यापुढं त्यात दुरुस्ती झाल्यास ती फक्त नव्या सभासदांना लागू होईल. असं एक कलम आमच्याकडे प्रत्येक नियमावलीत असतं. ते का असतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

मसुदा वाचून दाखवला तेव्हा गजाननच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मी त्या आनंदात अर्ज न देताच घरी आले.

एकतीस मार्चला, चौथ्या वेळी, मी ह्यांना सोबत नेलं. समक्ष सहीचं कलम होतं ना. जिन्यात मी ह्यांना बजावलं की नाव निघाल्यावर एक शब्दही बोलायचा नाही. वर पाहते तर माझी नियमावली काचेच्या चौकटीत, आरशाशेजारी, हार घालून लावलेली. खाली लिहिलं होतं: मार्गदर्शन, आत्या.

मी दोन्ही प्रती पुढं केल्या. गजाननने त्या दोन्ही हातांनी घेतल्या, हजेरीचं रजिस्टर उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला. माझ्या नावापुढं दोन दिवस होते.

"आत्या, तुमीच लिवलंय. नातेवाइकाला सूट न्हाई," तो इतक्या हळू म्हणाला की मला त्याचीच दया आली. "मी कसा मोडू?"

मी म्हटलं, ठीक आहे. साठ दिवस यायचं तर येईन. मेअखेर नाव काढून घेईन. ह्यांच्याकडे वळून मी मुदतवाढ मागणार, तर हे खिशातून चष्मा काढून चौकटीसमोर उभे होते. एकेका ओळीखाली बोट फिरवत होते, अगदी पोतं फोडल्यासारखे.

"गजानन," ह्यांनी विचारलं, "रविवारी जिम चालू असती का?"

"न्हाई मामा, बंद. शेतावर जातो मी."

"मंग सलग साठ दिवस कसे भरायचे?"

पट्ट्यावर चालणाऱ्या एका गृहस्थांनी पट्टा बंद केला. मी मनातल्या मनात एक रविवार वगळून पाहिला, मग सगळे वगळून पाहिले. सहाच्या पुढं हजेरी जाईना.

"म्हंजे कोणीच निघू शकत न्हाई?" गजानन म्हणाला. मग त्याला सुचलं, "मंग सलग तेवढं खोडू आपण."

"खालचं वाच," हे म्हणाले.

त्यानं खालचं वाचलं. मीही वाचलं, म्हणजे मला ते पाठच होतं. दुरुस्ती फक्त नव्या सभासदांना. पट्ट्यावरचे गृहस्थ जवळ येऊन वाचायला लागले. ते जुने सभासद होते. त्यांनी 'मार्गदर्शन'पर्यंत वाचलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

पर्समध्ये किल्ली सापडली. ती मी ह्यांच्या हातावर ठेवली. वहिनी आतून ओटीचं ताट घेऊन येतच होत्या.

कबूल केल्याप्रमाणे आता पाच तारखेला ह्यांचा मेसेज वाचणं चालू आहे, तीन वर्षं चालेल. कपाट ह्यांच्या ताब्यात आहे. मला आतला एखादा कागद पाहायचा असला तर तसा नियमच आहे: विहित नमुन्यात अर्ज, दोन प्रतींत. नियमावली ह्यांना मीच करून दिली.